एमएसडब्ल्यूनंतर काय?

समाजकार्याच्या पदवी (बीएसडब्ल्यू) आणि पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू) अभ्यासक्रमात विद्यार्थी आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्गाबाहेर असतो. कुणी रुग्णालयात, कुणी वस्तीत, कुणी बालगृहात, तर कुणी पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात. या कामाला अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ‘फील्डवर्क’च असते. त्याला गुण असतात, त्यावर देखरेख करणारा प्राध्यापक नेमलेला असतो आणि त्याने ठरावीक वेळी विद्यार्थ्याला एकट्याला बसवून त्याच्या कामाबद्दल बोलायचे असते. इतर शाखांत अभ्यासाची अडचण वर्गशिक्षकाकडे जाते आणि नोकरीची चौकशी प्लेसमेंट कक्षात होते. समाजकार्यात या दोन्ही गोष्टी त्या एका बैठकीपाशी येऊन मिळतात. पुढे कोणते विशेषीकरण घ्यावे, कोणत्या कामात आपला टिकाव लागेल, कोणती जागा मागावी, याची उत्तरे विद्यार्थ्याच्या फील्डवर्कच्या अहवालात हळूहळू उमटू लागलेली असतात. ती वाचून त्याच्याशी नीट बोलणारा माणूस त्याला भेटतो की नाही, यावर त्याची पुढची वाटचाल बरीचशी अवलंबून राहते.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. नागपाड्याच्या कामगारवस्तीत नेबरहूड हाउसचे काम उभे करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या आधाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तेच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था अशी महाविद्यालये उभी राहिली. नंतरच्या काळात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावीही समाजकार्य महाविद्यालये निघाली. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये दीर्घकाळ उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत राहिली आहेत. या तपशिलाचा विद्यार्थ्याशी थेट संबंध आहे: वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, समाजकल्याणाच्या योजना ज्या विभागाकडून येतात, त्याच विभागाच्या कारभाराचा अभ्यास त्याला करायचा असतो आणि अनेकदा त्याच विभागात नोकरीसाठी अर्जही करायचा असतो.

या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी कोण असतो, हे पाहिल्याशिवाय त्याला द्यायच्या सल्ल्याचा विचार करता येत नाही. बीएसडब्ल्यूला बारावीच्या कोणत्याही शाखेतून आणि एमएसडब्ल्यूला कोणत्याही पदवीनंतर प्रवेश घेता येतो. त्यामुळे एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बीएसडब्ल्यू केलेली मुलगी, बीकॉम करून दोन वर्षे दुकानात काम केलेला मुलगा, डीएडनंतर शिक्षकभरतीची वाट पाहून थकलेला उमेदवार आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करताना हातात एखादी पदवी असावी म्हणून आलेला तरुण शेजारी शेजारी बसलेले असतात. ग्रामीण महाविद्यालयांत घरातली पहिलीच व्यक्ती पदवीपर्यंत पोहोचली आहे, असे विद्यार्थी पुष्कळ. अनेकांच्या घरी या अभ्यासक्रमाची नीट कल्पना नसते. समाजाची सेवा करायला दोन वर्षे फी भरून शिकायचे कशाला, हा प्रश्न आईवडील मनापासून विचारतात आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याला देता येत नाही. म्हणून पहिला सल्ला प्रवेशाच्या टेबलावरच सुरू व्हायला हवा. हा व्यवसाय आहे, त्याची स्वतःची पद्धत आहे, त्यात नोकऱ्या आहेत, त्या कुठे आहेत आणि कशा प्रकारच्या आहेत, हे तिथेच सांगावे लागते. केवळ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी वेळ मिळेल म्हणून आलेल्याला क्षेत्रकार्याचे दोन दिवस, अहवाल, ग्रामीण शिबिर आणि शोधप्रबंध यांची कल्पना आधी दिली, तर पुढची ओढाताण टळते.

पहिल्या सत्रातल्या मार्गदर्शनाचा मोठा भाग पैशांचा असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळणारी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठीची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आणि काही विद्यापीठांतली ‘कमवा आणि शिका’ योजना यांपैकी आपण कुठे बसतो, हे विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात कळले पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, आधारशी जोडलेले बँक खाते यांतली एखादी गोष्ट अडली तरी वर्षभराची रक्कम अडकते. फील्डवर्कला जायला रोज बसचे भाडे लागते. ते नसल्यामुळे गैरहजर राहणारा विद्यार्थी बहुतेक वेळा तसे कारण सांगत नाही. तब्येत बरी नव्हती, असे सांगतो. पर्यवेक्षकाने गैरहजेरीमागचे कारण विचारायचे ते यासाठी. गुण कापून हा प्रश्न सुटत नाही.

आता क्षेत्रकार्याकडे. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या संस्था दाखवायला नेतात. मग प्रत्येकाला एक संस्था किंवा वस्ती मिळते. विद्यार्थी तिला ‘एजन्सी’ म्हणतात. वर्षभर आठवड्यातले ठरलेले दिवस तिथे जायचे, केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा, तो पर्यवेक्षकाला दाखवायचा आणि त्यावर चर्चा करायची. एकट्याने होणारी चर्चा म्हणजे ‘आयसी’, गटात होणारी ‘जीसी’. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यास दौरा आणि अखेरीस बहुतेक ठिकाणी सुमारे महिनाभर सलग काम करण्याचे ब्लॉक प्लेसमेंट. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती वर्गात शिकवल्या जातात, पण त्या अंगी लागतात त्या इथे.

आयसीमध्ये काय घडू शकते, याचे एक उदाहरण घेऊ. धर्मादाय रुग्णालयात नेमलेली विद्यार्थिनी अहवालात एक ओळ लिहून आणते: रुग्णाच्या नातेवाइकाला योजनेची माहिती दिली. पर्यवेक्षक तिथे थांबतो. कोणती योजना? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ही माहिती तिने दिली का? दिली. मग नातेवाईक काय म्हणाला? शिधापत्रिका गावी आहे आणि ती थोरल्या भावाच्या नावावर आहे, असे म्हणाला. मग? मग ती गप्प बसते. थोड्या वेळाने सांगते की थोरल्या भावाशी त्यांचे बोलणे बंद आहे, म्हणून तिने स्वतःच त्या भावाला फोन केला, अर्धा तास बोलली, आणि शिधापत्रिकेचा फोटो मागवून घेतला. यातले काहीच अहवालात नव्हते. तिला ते ‘काम’ वाटलेच नव्हते.

चांगला पर्यवेक्षक या जागी दोन गोष्टी करतो. आधी तो तिला हे सगळे लिहायला लावतो, कारण व्यक्तिसहाय्य कार्यातला खरा भाग तोच आहे. मग तो ही गोष्ट लक्षात ठेवतो. चार महिन्यांनी ती विद्यार्थिनी विशेषीकरणाबद्दल विचारायला येते तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी ठोस असते: तुटलेल्या नात्यातल्या माणसांशी तुला बोलता येते, कागदपत्रांच्या कामाला तू कंटाळत नाहीस, पण पंचवीस बायकांच्या बैठकीत तुझा आवाज निघत नाही. हा सल्ला कोणत्याही कलचाचणीतून निघणार नाही. विद्यार्थ्याला स्वतःबद्दल जे वाटते, त्यापेक्षा त्याने प्रत्यक्ष काय केले यावर तो उभा असतो. समाजकार्याच्या शिक्षणातला सर्वांत मौल्यवान सल्ला हाच. आणि नेमका हाच पर्यवेक्षकाच्या वेळापत्रकात सर्वांत आधी कापला जातो. एकेका प्राध्यापकाकडे विद्यार्थी जास्त झाले की आयसीची जीसी होते, जीसीची हजेरी होते आणि अहवालावर फक्त सही उरते.

आयसीत आणखी एक विषय निघतो आणि तो टाळू नये. बालगृहातल्या मुलाची हकीकत ऐकून विद्यार्थ्याला स्वतःचे बालपण आठवते. दारू पिणाऱ्या नवऱ्याबद्दल तक्रार घेऊन आलेल्या बाईशी बोलताना मुलीला आपली आई दिसते. पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीसारख्या ठिकाणी नेमणूक झाली की ही गोष्ट घरी सांगायची कशी, हा प्रश्न पडतो. जात आणि लिंग वस्तीतही विद्यार्थ्याची पाठ सोडत नाहीत. कुठे त्याला पाणी विचारले जाते आणि कुठे आधी आडनाव विचारले जाते, हे त्याला तिथेच कळते. पर्यवेक्षकाने हे ऐकून घ्यावे, नेमणूक बदलायची गरज खरोखर आहे की आधाराने भागेल हे ठरवावे, मुलींच्या सुरक्षिततेबद्दल संस्थेशी आधी बोलून ठेवावे आणि गरज पडली तर पालकांनाही समजावून सांगावे. मात्र पर्यवेक्षक म्हणजे समुपदेशक नव्हे. विद्यार्थ्याला उपचारांची गरज असेल तर त्याला योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे हाच प्रामाणिक मार्ग असतो. एखाद्याला हे क्षेत्रच झेपत नसेल, तर तेही पहिल्या वर्षातच मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. दुसऱ्या वाटेने गेलेला विद्यार्थी हा महाविद्यालयाचा पराभव नसतो.

विशेषीकरणाचा निर्णय अनेकांच्या कल्पनेपेक्षा लवकर येतो आणि त्याचे परिणाम लांबवर जातात. कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य, ग्रामीण व नागरी समुदाय विकास, गुन्हेगारी व सुधारात्मक सेवा, कामगार कल्याण व मनुष्यबळ व्यवस्थापन अशी त्यांची नेहमीची विभागणी. काही विद्यापीठांत विशेषीकरण नसते आणि सर्वांना सारखाच अभ्यासक्रम असतो. विद्यार्थी बहुधा वरच्या वर्गातल्या मित्रांना विचारून किंवा कुठले प्राध्यापक चांगले शिकवतात ते पाहून निवड करतात. सल्लागाराने इथे त्यांच्यासमोर कायदे आणि भरतीचे नियम ठेवायला हवेत, कारण समाजकार्यातल्या अनेक जागा कायद्यांनी निर्माण केलेल्या आहेत आणि त्यांची पात्रता नियमांत लिहिलेली आहे.

मनोचिकित्सा समाजकार्याचेच पाहा. वैद्यकीय व मनोचिकित्सा विशेषीकरणात एमएसडब्ल्यू झाले की आपण मनोचिकित्सा समाजकार्यकर्ते झालो, असा समज सर्रास आढळतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्या मात्र वेगळी आहे. तिच्यानुसार समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीबरोबर मनोचिकित्सा समाजकार्यातले दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल लागते आणि त्यात देखरेखीखालचे रुग्णालयीन प्रशिक्षण असावे लागते. बंगळुरूची निम्हान्स, रांची आणि तेजपूर इथल्या संस्था या प्रशिक्षणासाठी ओळखल्या जातात. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एमफिलच बंद केले. नंतर या विषयातले आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रातले एमफिल प्रवेश २०२५-२६पर्यंत चालू ठेवायला मुभा दिली. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ऐकलेला सल्ला आज विद्यार्थ्याला चुकीच्या दारात नेऊन उभा करू शकतो. त्यातच २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्यांचा समावेश आपल्या अनुसूचीत केला आहे. भारतात समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या परिषदेसारखी नोंदणी परिषद नाही. आरोग्यक्षेत्रात मात्र तशी चौकट आकाराला येते आहे. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

वैद्यकीय समाजकार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ता म्हणून झालेली नेमणूक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली, १९४६ सालची मानली जाते. सरकारी रुग्णालयांतल्या पदाचे नाव ‘समाजसेवा अधीक्षक’ असे आहे. धर्मादाय रुग्णालयांत वर सांगितलेल्या राखीव खाटांचे काम समाजकार्यकर्त्यांकडे असते. एचआयव्हीवरच्या उपचारांच्या एआरटी केंद्रांत समुपदेशक लागतात. अवयवदानाच्या क्षेत्रात प्रत्यारोपण समन्वयक लागतो आणि २०१४च्या केंद्रीय नियमांत या पदासाठीच्या पसंतीच्या पदव्युत्तर पदव्यांत समाजकार्याचे नाव आहे. मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांशी दुःखाच्या पहिल्या तासांत बोलणे, हे त्या समन्वयकाचे काम. हे ज्याला जमेल असा विद्यार्थी वर्गात एखादाच असतो आणि तो ओळखावा लागतो.

बालकल्याणाच्या क्षेत्रात २०१५चा बाल न्याय कायदा हा पाया आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती, बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृहे ही सगळी रचना त्यातून येते. कक्षातल्या संरक्षण अधिकारी, समुपदेशक, समाजकार्यकर्ता या जागा नव्या पदवीधराच्या आवाक्यातल्या आहेत. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, पण तिथे मुलांच्या क्षेत्रातला किमान सात वर्षांचा अनुभव पाहिला जातो. ती जागा पहिल्या नोकरीची नाही, दहा वर्षांनंतरच्या टप्प्याची आहे, हे विद्यार्थ्याला आधीच सांगावे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याने संरक्षण अधिकारी आणले. १९५८च्या गुन्हेगार परिविक्षा कायद्यामुळे परिविक्षा अधिकारी आहेत. पोलीस ठाण्यांमधल्या महिला व मुलांच्या विशेष कक्षाची सुरुवात १९८४ मध्ये मुंबई पोलीस आणि टिस यांच्या सहकार्याने झाली, आणि तो प्रयोग नंतर राज्यभर पोहोचला. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही चाइल्डलाइनसुद्धा टिसचा क्षेत्रप्रकल्प म्हणूनच जन्मली. विद्यार्थ्यांना ही उदाहरणे आवर्जून सांगावीत, कारण क्षेत्रकार्यातून दिसलेल्या गरजेतून नव्या नोकऱ्या, नव्या यंत्रणा उभ्या राहतात, हे त्यांतून कळते.

कामगार कल्याणाची वाट वेगळी आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. या पदासाठी नियमांनी मान्य केलेलीच पदवी किंवा पदविका चालते. त्यामुळे आपल्या महाविद्यालयाचे कामगार कल्याणाचे विशेषीकरण त्या यादीत बसते का, हे प्रवेश घेण्याआधी पाहायचे; निकालानंतर पाहून उपयोग नसतो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यांत या जागांना मागणी असते आणि पगारही स्वयंसेवी क्षेत्रापेक्षा बरे असतात. म्हणून घराची जबाबदारी असलेले अनेक विद्यार्थी इकडे वळतात. त्यांना ‘तू समाजकार्य सोडलेस’ असे ऐकवणारे प्राध्यापक असतात. ते अन्यायाचे आहे. कंत्राटी कामगाराचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही हे पाहणारा कल्याण अधिकारी समाजकार्यच करत असतो.

समुदाय विकासाच्या वाटेवर ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान, १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम, पाणलोट आणि शेतीतल्या संस्था, शहरी वस्त्यांतल्या आरोग्य-शिक्षणाच्या संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्वाचे विभाग येतात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याची जबाबदारी दिली आणि त्यातून ‘सीएसआर’ नावाचे नवे नोकरीचे क्षेत्र तयार झाले. इथे एमएसडब्ल्यूवाल्याची स्पर्धा व्यवस्थापनाच्या पदवीधराशी असते. अर्थसंकल्प वाचता येणे, एक्सेलमध्ये माहिती मांडता येणे, इंग्रजीत दोन पानांचा अहवाल नेटका लिहिता येणे यावर निवड होते. ग्रामीण प्रकल्पांच्या जाहिरातीत दुचाकी चालवण्याचा परवाना मागितलेला असतो. ज्या मुलीने कधी गाडी चालवलेली नाही, तिने दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती शिकून घ्यावी, हा सल्ला साधा वाटतो, पण तो नोकरी मिळवून देतो. सरकारी पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्राचेही तसेच.

नोकरीच्या स्वरूपाबद्दल स्पष्ट बोलणे हा मार्गदर्शनाचा सर्वांत अवघड भाग आहे. या क्षेत्रातल्या अनेक जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, एकत्रित मानधन, मुदतवाढ मिळेल की नाही याची दर वर्षी टांगती चिंता. स्वयंसेवी संस्थेतली नोकरी प्रकल्पाच्या निधीशी बांधलेली असते. देणगीदाराने हात आखडता घेतला की कर्मचारी कमी होतात. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थांच्या पैशावर चालणाऱ्या गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना याचा फटका बसला, आणि नव्या पदवीधरांना पहिली नोकरी बहुधा याच छोट्या संस्था देत असत. हे विद्यार्थ्याला घाबरवण्यासाठी सांगायचे नाही. पहिले नेमणूकपत्र हातात आले की त्याने काय तपासावे, हे त्याला कळावे म्हणून सांगायचे: रक्कम वेतन म्हणून आहे की मानधन म्हणून, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, प्रवासखर्च वेगळा मिळतो की त्यातच धरला आहे, प्रकल्पाची मुदत किती उरली आहे आणि राजीनाम्याची सूचना किती दिवसांची. अनुभव प्रमाणपत्रावर पदाचे नाव आणि तारखा नीट असाव्यात, कारण पुढच्या सरकारी भरतीत अनुभवाची वर्षे त्यावरूनच मोजली जातात.

अध्यापनाकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी नेट किंवा राज्याची सेट ही परीक्षा आहे. समाजकार्य हा दोन्हींत स्वतंत्र विषय आहे. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा आधार मिळू शकतो. मात्र अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा निघायला वर्षानुवर्षे लागतात आणि तोवर तासिका तत्त्वावर काम करावे लागते. ज्याला शिकवायचेच आहे त्याने आधी काही वर्षे क्षेत्रात घालवावीत. स्वतः कधी प्रकरण न हाताळलेल्या पर्यवेक्षकाला अहवालातली गाळलेली ओळ दिसणे कठीण. दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू करता येते, इग्नूचा अभ्यासक्रम त्यासाठी आहे, आणि नोकरी करणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. तिथे विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याची देखरेख खरोखर होते आहे ना, हे स्वतः पाहावे.

हे सगळे महाविद्यालयाने कसे बसवायचे, याचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. तिथे काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन ही १९५२ साली स्थापन झालेली संस्था समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यता हवी असेल तर अभ्यासाचा आणि व्यवसायाचा असे दोन्ही सल्ले आपल्याकडे कसे दिले जातात, हे महाविद्यालयाला लेखी मांडावे लागते. क्षेत्रकार्याचे किमान तासही ठरलेले आहेत: पदवीला ४००, पदव्युत्तरला ९००. आपल्याकडे क्षेत्रकार्याची परंपरा तितकीच भक्कम आहे. सल्ल्याचे काम मात्र प्राध्यापकाच्या आवडीवर सोडलेले असते. हे बदलायला मोठा खर्च लागत नाही. आयसीचा तास वेळापत्रकात छापला जावा आणि तो प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत धरला जावा. दुसऱ्या वर्षी पर्यवेक्षक बदलतो तेव्हा पहिल्या वर्षीच्या निरीक्षणांची दोन पानांची टिपणी विद्यार्थ्याला दाखवून पुढच्याकडे जावी. माजी विद्यार्थी कुठे, कोणत्या पदावर, कोणत्या प्रकारच्या करारावर काम करतात, याची नोंद दर वर्षी अद्ययावत व्हावी, आणि त्यांतल्या काहींना सत्कारासाठी नव्हे तर प्रश्नोत्तरांसाठी बोलवावे. नोकरी सुटलेला, पुन्हा मिळवलेला माजी विद्यार्थी वर्गाला जे सांगू शकतो, ते माहितीपुस्तिकेत नसते.

परदेशात जाणाऱ्यांची संख्या थोडी असली तरी त्यांचा प्रश्न महाविद्यालयाच्या दप्तराशी येऊन ठेपतो. इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्त्यांची नोंदणी २०१९ पासून सोशल वर्क इंग्लंड ही संस्था करते आणि तिच्या नोंदणीशिवाय तिथे समाजकार्यकर्ता म्हणून काम करता येत नाही. अशा ठिकाणी भारतातल्या पदवीची छाननी होते तेव्हा गुणपत्रिका पुरत नाही. कोणत्या संस्थेत, कोणाच्या देखरेखीखाली, किती तास आणि कोणत्या स्वरूपाचे क्षेत्रकार्य केले, याची विचारणा होते. म्हणून शेवटच्या सत्रात, निकालाआधीच, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या क्षेत्रकार्याच्या तासांचे तपशीलवार प्रमाणपत्र देऊन टाकावे. देशातल्या रुग्णालयात किंवा कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्यालाही ते उपयोगी पडते, आणि दहा वर्षांनी मागायला गेल्यावर ते मिळत नाही, कारण तोवर पर्यवेक्षक निवृत्त झालेला असतो आणि संस्थेचा तो प्रकल्पही बंद पडलेला असतो.